चिक्की गुळाची, म्हणून पथ्याची?

परवा एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. रक्तातली साखर वाढलेली. म्हणाले, "डॉक्टर, सहा महिने चहात साखर नाही." खोदून विचारले, तेव्हा डब्यातल्या चिक्कीचा पत्ता लागला. रोज चार वड्या! "गुळाची आहे हो, पौष्टिक."

हा गैरसमज आपल्या कोल्हापुरात जरा जास्तच आहे, कारण गूळ हा आपला अभिमान. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण अभिमान वेगळा आणि पथ्य वेगळे. गुळात लोह असते, पण थोडेच. बाकी बहुतेक साखरच. पंचवीस ग्रॅमच्या वडीत निम्मा गूळ धरला, तर चार वड्यांत पन्नास ग्रॅम होतो. म्हणजे दोन कपांतली दोन चमचे साखर वाचवून गुरुजींनी दहा चमचे गूळ पोटात घातला.

तरीही मी चिक्कीचा वैरी नाही. शाळेतून भुकेल्या आलेल्या मुलाला पाकिटातल्या तळलेल्या खाऊपेक्षा ती केव्हाही बरी. शेंगदाण्याच्या वजनाच्या चौथा हिस्सा प्रथिने असतात. फक्त ती घरी करावी, असे माझे मत. घरी आपण दाणे निवडतो. काळपट, सुरकुतलेले, खवट वा बुरशी धरलेले दाणे फेकून द्या. या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि ते भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही. गूळही पिवळाधमक बघून भुलू नये. तो रंग यावा म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रोस पावडर घालतात. तांबूस, काळसर गूळ बरा.

दोन वाट्या दाणे मंद आचेवर भाजून, सोलून, पाखडून घ्यावेत. एक वाटी चिक्कीचा गूळ चमचाभर तुपात वितळवावा. साध्या गुळाची वडी बऱ्याचदा मऊ पडते. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून पाहावा. ताणला तर थांबा, कट्‌कन मोडला तर लगेच दाणे घाला. तूप लावलेल्या पोळपाटावर पातळ लाटून गरम असतानाच सुरीने रेघा मारा. आमच्या घरी या घाईत नेहमी भांडण होते, ते सोडा. पण मुलांना जवळ येऊ देऊ नका. हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी तापलेला असतो आणि कातडीला चिकटतो. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट लावू नका. चार वर्षांखालच्या मुलांना चिक्की देऊच नये. दाणा श्वासनलिकेत अडकतो.

गुरुजींशी तडजोड झाली आहे. रविवारी जेवणानंतर एक वडी, तीही पातळ. डबा सूनबाईंच्या ताब्यात. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचे आहे.