आधी जिल्हा रुग्णालयाचे दार

दोन वर्षांचे मूल हाकेला मान वळवीत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, आणि एकही अर्थपूर्ण शब्द अद्याप त्याच्या तोंडून उमटलेला नाही, हे ज्या दिवशी घरातल्यांच्या ध्यानात येते, त्या दिवसापासून पुढच्या काही महिन्यांत त्या घरात जे घडते वा घडत नाही, त्यावर मुलाच्या वाढीचा फार मोठा भाग अवलंबून असतो. आणि दुर्दैव असे की, नेमके तेच महिने प्रथम ‘याचा बापही उशिराच बोलू लागला होता’ या आजीच्या दिलाशात, आणि त्यानंतर खासगी थेरपी बरी की सरकारी केंद्र बरे, या खलात निघून जातात.

हा दुसरा प्रश्न या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत वारंवार असतो. माझे मत असे की, ऐपत असो वा नसो, प्रत्येक पालकाने मुलाला प्रथम जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावे, तेथे नोंद व तपासणी करून घ्यावी, आणि खासगी उपचार घ्यायचेच तर ते त्या तपासणीच्या आधाराने घ्यावेत. सरकारी तारीख लांबची मिळाली तर मात्र खासगी थेरपी आजच सुरू करावी. पण म्हणून ती तारीख चुकवू नये.

ही केंद्रे ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहेत, त्याचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, म्हणजे ज्या मुलखात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच आदिवासी मुलांच्या अंगणात नेली त्याच मुलखात झाला, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. फिरत्या वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जावे, जन्मजात व्यंगे, पोषणातील उणिवा, आजार आणि विकासातील विलंब हेरावेत, आणि ज्या बालकाविषयी शंका वाटेल त्याला जिल्ह्याच्या केंद्राकडे धाडावे, अशी ही योजना आहे. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचातज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक ही सारी मंडळी एकत्र असावीत, अशी तजवीज आहे. या एकत्र असण्याचे मोल फार आहे. न बोलणाऱ्या मुलाला ऐकू येते की नाही, हे सर्वांत आधी पाहिले पाहिजे. तरीही श्रवणाची चाचणी न होताच वाचोपचारावर कित्येक महिने आणि हजारो रुपये खर्ची पडल्याची उदाहरणे ऐकू येतात, तेव्हा मन विषण्ण होते.

मध्यमवर्गीय पालक या केंद्राकडे वळत नाहीत, त्याचे कारण केवळ रांग आणि अस्वच्छता नव्हे. सरकारी दफ्तरात मुलाचे नाव एकदा चढले की त्यावर कायमचा शिक्का बसेल, ही त्यांची खरी भीती असते. ती भीती निराधार आहे. केंद्रातील नोंद म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला नव्हे. तो वेगळ्या अर्जावर आणि वेगळ्या तपासणीनंतरच मिळतो. विलंब म्हणजे अपंगत्व नव्हे, आणि वेळीच हात दिलेली पुष्कळ मुले आपल्या वयाच्या मुलांना गाठतातही. उलट पुढे स्वमग्नतेचे वा सेरेब्रल पाल्सीचे निदान पक्के झालेच, तर त्या दाखल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळू शकते, आणि त्यात ठराविक मर्यादेत थेरपीचाही खर्च येतो.

खासगी उपचारकांत निष्णात आणि कळकळीची माणसे आहेत, याविषयी मला शंका नाही. परंतु पालकाने तेथे दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. वाचातज्ज्ञ वा विशेष शिक्षक असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी क्रमांक कोणता, ही पहिली. आणि थेरपी चालू असताना मला आत बसू देणार का, ही दुसरी. या दुसऱ्या प्रश्नाला जेथे नकार मिळतो, तेथून मुलाला घेऊन परत यावे, असे मी म्हणेन. आठवड्यातून दोन-तीनदा पाऊण तास बंद खोलीत जे होते, त्याने काय साधणार, जर उरलेल्या साऱ्या जागेपणी त्या मुलाशी कसे खेळावे आणि त्याच्या उत्तराची वाट कशी पाहावी, हे आईला कोणी शिकविलेच नाही? गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांच्या पालकांवर झालेला, २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झालेला प्रयोग मला याकरिताच महत्त्वाचा वाटतो. तेथे पालकांना शिकविणारे तज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक होते. तरीही पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपण होऊन अधिक संवाद साधू लागली. प्रत्येक बाबतीत सुधारणा झाली असे मात्र नाही, आणि मुलेही थोडीच, म्हणजे ६५ होती, हेही सांगितले पाहिजे.

हे सर्व लिहिताना सरकारी केंद्रांची सद्यःस्थिती मी दृष्टीआड करीत नाही. कुठे वाचातज्ज्ञाची जागा रिक्त, तर कुठे जो आहे तो कंत्राटी, मुदतवाढीच्या हुकुमाकडे डोळे लावून बसलेला. आणि दूरच्या तालुक्यातून एस.टी.ने येणाऱ्या आईची एका भेटीपायी पुऱ्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तिसऱ्या भेटीनंतर ती येणेच बंद करते. ही पदे कायम केली पाहिजेत, त्या आईला प्रवासखर्च दिला पाहिजे, आणि आठवड्यातून एक दिवस तरी हे तज्ज्ञ उपजिल्हा रुग्णालयात बसले पाहिजेत. पण ज्यांना अर्ज लिहिता येतो, तक्रार नोंदविता येते, आमदारांकडे खेटे घालता येतात, ते पालक जर खासगी दाराशीच थांबले, तर या मागण्या त्या मजूर आईने एकटीने कोणापुढे मांडायच्या?