लिहून झालं, पैसे कधी?

फ्रीलान्स लेखन कसं सुरू करायचं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. उधारी कशी वसूल करायची, ते मात्र गांधीबागेत कळतं.

नागपुरात अग्रसेन चौकाच्या मेट्रो स्टेशनवर उतरून गांधीबागेच्या कापड बाजारात शिरा. कापड दाखवायला कुणी नाही म्हणत नाही. हात लावा, सूत बघा, रंग उन्हात नेऊन पाहा. पण नमुना म्हणून अख्खा तागा कुणी फुकट देत नाही.

फ्रीलान्स लेखनात नेमकं उलटं चालतं. ‘आधी एक ट्रायल आर्टिकल पाठवा’ असा मेसेज येतो आणि सेकंड इयरची पोरं हजार-हजार शब्द फुकट लिहून देतात. वर ‘एक्स्पोजर मिळेल’ हेही ऐकून घेतात. एक्स्पोजर दाखवून मेसचं बिल भरता येतं का, काकूंना विचारून बघा एकदा!

हा प्रश्न दोन-चार जणांचा राहिलेला नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार असल्याचा अंदाज होता. 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील असंही त्यात म्हटलं होतं. गिग म्हटलं की आपल्याला डिलिव्हरीवाला दादा आठवतो. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीत ‘कंटेंट आणि मीडिया सेवा’ पुरवणारे प्लॅटफॉर्मही आहेत. म्हणजे एखाद्या अ‍ॅपसाठी कथा किंवा स्क्रिप्ट लिहिणारी मुलगीही या चर्चेत आली. छान झालं. फक्त ही संहिता विमा, आरोग्य, म्हातारपण याबद्दल बोलते. मागच्या महिन्यात दिलेल्या लेखाचे पैसे कधी येणार, याबद्दल ती काही म्हणत नाही. आणि बहुतेक नवे लेखक अ‍ॅपवर नसतातच. ते कुठल्यातरी एजन्सीसाठी किंवा थेट दुकानदारासाठी लिहितात.

त्यांच्या कामाचा कायदा दुसरा आहे आणि कॉलेजात तो सहसा कुणी सांगत नाही. लेखन, अनुवाद, कॉपीरायटिंग ही सेवा आहे. ‘उद्यम’ पोर्टलवर आधार आणि पॅन देऊन सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी होते, तीही मोफत. (पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.) 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. नोंदणी मात्र काम घेण्याआधीच करून ठेवा, नंतर केली तर वाद होतो.

याला प्राप्तिकराचीही जोड आहे. वेळेत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत देणाऱ्याला तो खर्च हिशेबात दाखवता येत नाही. 43बी(एच) या नावाने हे कलम आलं, तेव्हा 2024 च्या सुरुवातीला देशभरच्या कापड बाजारांत त्याचीच चर्चा होती. गंमत बघा, होलसेल व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते, पण 2021 च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे त्याला फायदा बँकेच्या कर्जापुरताच. 45 दिवसांचं हत्यार त्याच्या हाती नाही, त्याचा कॅटलॉग लिहिणाऱ्या पोराच्या हाती आहे.

अर्थात, पहिल्याच पार्टीला कायदा दाखवला तर दुसरं काम मिळणार नाही, हेही खरंच. म्हणून बाजारासारखं वागावं. ठाम दर, तारखेचं बिल, थोडे पैसे आगाऊ, आणि आधीची उधारी थकली असेल तर पुढचा माल नाही. नमुना हवा असेल तर आपलं जुनं लिखाण दाखवावं.

दुसरी गोष्ट हक्काची. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही नोकरीत नसाल, तर तुमच्या लेखाचे पहिले मालक साधारणपणे तुम्हीच. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा नाही. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. तेव्हा सही करण्याआधी ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द शोधा. असतील तर भाव वाढवून मागा.

‘पण एआय आहे ना, आम्हाला कोण विचारणार?’ नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ‘दहा टिप्स’ छापाच्या लेखांचा भाव पडला, तो काही परत येत नाही. त्या कामामागे धावूही नये. पण टसरची करवत काठी साडी आणि पॉलिस्टरची नक्कल यातला फरक गिऱ्हाइकाला दोन ओळींत पटवायचा, तर आधी दुकानात बसून विणकराशी बोलावं लागतं. तिथे अजून माणूस लागतो आणि त्याचे पैसे मागता येतात.

शेवटी टीडीएसचं तेवढं. एखाद्या कंपनीने वर्षभरात 50 हजारांहून जास्त मानधन दिलं, तर ती साधारण 10 टक्के कापते; 2025-26 च्या आधी ही मर्यादा 30 हजार होती. पैसे कमी आले म्हणून भांडू नका. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरल्यावर ही रक्कम परत मिळते. पॅन कार्ड मात्र आजच काढा.