बंडसुद्धा वर्गणी काढूनच होतं

मॉडर्न आर्ट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? व्हॅन गॉगचा कापलेला कान. उपाशी, एकटा, जगाला न कळलेला कलाकार. ही गोष्ट आपल्याला आवडते, कारण ती सोयीची आहे. कुठे सिलेक्शन झालं नाही की 'त्यांना कळलंच नाही' म्हणून मोकळं होता येतं. पण ही गोष्ट अर्धवट आहे. आधुनिक चित्रकला उभी राहिली ती मीटिंगा, वर्गणी आणि चक्क तोट्याच्या हिशेबातून.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये चित्रकाराचं करिअर म्हणजे 'सलाँ'. हे सरकारी आशीर्वादाचं भलंमोठं प्रदर्शन. ज्युरींना आवडायच्या पुराणकथा, इतिहासातले प्रसंग आणि ब्रशचा फटकारा दिसणार नाही असं गुळगुळीत रंगकाम. तिथे चित्र लागलं तर गिऱ्हाईक मिळणार, नाहीतर घरी बसा. १८६३ मध्ये नाकारलेल्यांची ओरड इतकी वाढली, की तिसऱ्या नेपोलियनने त्यांच्यासाठी वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. लोकांनी गर्दी केली, पण बरेचसे हसायलाच आले. शिवाय ती सगळी बादशहाची मेहेरबानी होती.

मग मोने, रेन्वा, देगा, पिसारो, बर्थ मोरिसो वगैरे मंडळींनी काय केलं? रीतसर सोसायटी काढली. पिसारोने नियमावलीसाठी नमुना म्हणून पुढे केली ती पाँत्वाज गावच्या बेकरीवाल्यांच्या संघटनेची! सभासदांनी वर्गणी भरली. फोटोग्राफर नादारच्या जुन्या स्टुडिओत १५ एप्रिल १८७४ ला प्रदर्शन उघडलं, सलाँच्या दोन आठवडे आधी. तिकीट एक फ्रँक. दिवसा कामावर असणाऱ्यांनाही येता यावं म्हणून संध्याकाळीही उघडं. तिसेक कलाकार आणि ज्युरी नाहीच. लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज'वरून खिल्ली उडवत सगळ्यांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं. पुढे पोरांनी तेच नाव लावून घेतलं.

टाळ्या वाजवायच्या आधी पुढचं ऐका. महिनाभरात जेमतेम साडेतीन हजार लोक आले. वर्ष संपताना हिशेब मांडला तर प्रत्येकाच्या डोक्यावर १८४ फ्रँक ५० सेंटीम देणं निघालं. सोसायटी बरखास्त झाली. आपल्याकडे अशा वेळी ग्रुप म्यूट होतो आणि विषय संपतो. यांनी १८७६ मध्ये पुन्हा प्रदर्शन भरवलं. १८८६ पर्यंत अशी एकूण आठ झाली. मधल्या काळात भांडणं झाली, काही जण सलाँकडे परत गेले. आठही प्रदर्शनांत होता तो एकटा पिसारो.

या बदलाची कारणं म्हणून ट्यूबमधले रंग, रेल्वे आणि कॅमेरा यांची नावं हमखास घेतली जातात. ती खरीच आहेत. रंग खिशात घालून रेल्वेने गावाबाहेर जाता येऊ लागलं म्हणून उघड्यावर बसून चित्रं काढणं सोपं झालं. पण ट्यूब काय, सलाँवाल्यांनाही मिळत होती. फरक पडला तो एकत्र येण्याने.

अर्थात नुसत्या मैत्रीवर भागलं नाही. गुस्ताव्ह कायबोत हा स्वतः चित्रकार आणि घरचा श्रीमंत. तो मित्रांची चित्रं विकत घ्यायचा, प्रदर्शनांचा खर्च उचलायचा. पॉल ड्युराँ-रुएल या विक्रेत्याने दिवाळखोरीच्या काठावर उभं राहून चित्रं सांभाळली आणि १८८६ मध्ये न्यूयॉर्कला नेली. तिथून बाजार फिरला. आणि हो, पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना १८९७ पर्यंत दारात उभं केलं नव्हतं. मोरिसो मात्र पहिल्याच प्रदर्शनात बरोबरीने होती. स्वतःचं दार बांधलं की त्यातून कोण आत येणार, हेही आपण ठरवू शकतो.

आता आपल्याकडे बघू. प्रत्येकाचं स्वतःचं पेज आहे, म्हणजे रोजच प्रदर्शन. तरीही आपण एकेकटे अल्गोरिदमपुढे रांगेत उभे आहोत. ज्युरी बदलली, वाट बघणं तेच. दुसऱ्याच्या कामावर आपण हार्ट टाकतो, त्याच्या हॉलचं भाडं वाटून घेत नाही. गणपतीची वर्गणी गोळा करता येते, फेस्टसाठी स्पॉन्सर शोधता येतात; मग वर्गातल्या आठ जणांची चित्रं, फोटो किंवा शॉर्ट फिल्म दाखवायला एक हॉल का घेता येऊ नये?

कदाचित चाळीसच लोक येतील. कदाचित प्रत्येकाला पदरचे पाचशे रुपये घालावे लागतील. तसं झालं तर हिशेब नीट लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षीची तारीख त्याच मीटिंगमध्ये ठरवून टाका.