फटफटीचा धाक आणि आपले कान

चंद्रपूर असो की गडचिरोली, मूल असो की आरमोरी, दिवेलागणीला हमखास एक आवाज येतो. धडधड, धडधड, आणि मध्येच फटाका फुटल्यासारखा फाट्! पाळण्यातलं लेकरू दचकून उठतं, म्हातारी सासू छातीवर हात ठेवते आणि आपण म्हणतो, ‘आला कोणाचा तरी दिवटा!’ गाडीचा सायलेन्सर काढून, नाहीतर त्यातली जाळी काढून फिरण्याचं हे वेड आता खेड्यापाड्यांत पोचलंय. कोणी ‘इंदोरी’ बसवतो, कोणी ‘पंजाबी’. चारचाकीवालेही काही मागे नाहीत.

मैत्रिणींनो, सायलेन्सर म्हणजे शोभेची नळी नव्हे. इंजिनात पेट्रोलचा प्रत्येक वेळी लहानसा स्फोटच होत असतो. सायलेन्सरच्या आतले कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या तो आवाज आपसात आदळवून जिरवतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत विषारी धूर कमी करणारं यंत्रही याच वाटेवर बसवलेलं असतं. सगळी नळीच बदलली की बऱ्याचदा तेही जातं. म्हणजे आवाज वाढतो आणि धूरही. ‘पिकअप वाढतो’ ही तर नुसती गॅरेजमधली गप्प. कंपनीनं इंजिन जुळवलेलं असतं ते त्याच सायलेन्सरसह. आणि तो फाट् आवाज? चालत्या गाडीची चावी बंद-चालू केली की न जळलेलं पेट्रोल नळीत जाऊन पेटतं. घामाच्या पैशाचं पेट्रोल असं नळीत जाळायचं, याला मर्दुमकी म्हणायची का?

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२०व्या नियमानुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच, ट्रॅक्टरलासुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे नियम मोडल्यास पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. शिवाय ३ महिने परवाना अपात्र. चालवणारा अठराच्या आतला असेल तर पालकांनाच २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद! ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. डेसिबलचा हिशेबही आपल्या किराण्यासारखा सरळ नसतो बरं! दहाने आकडा वाढला की आवाजाची ताकद दहापट होते.

पण आपल्या भागात या आवाजाचा आणखी एक हिशेब आहे, तो मुंबई-पुण्याला कळायचा नाही. आपल्या बायका मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला जातात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात गेल्या. खाली वाकून काम करणाऱ्या बाईला झुडपाआडचं दिसत नाही. तिथं तिचे कान हेच तिचे डोळे असतात. वानराची खाकर, चितळाची हाक, पाचोळ्याची सळसळ ऐकून ती सावध होते. जंगलातल्या रस्त्यानं एक बिनसायलेन्सरची गाडी धडधडत गेली की ते सगळं बुडून जातं. ती मिनिटं जीवघेणी ठरू शकतात.

यावर पोट्टे म्हणतात, ‘काकू, वनविभागच तर सांगतो, आवाज करत जा!’ खरं आहे. पण घोळक्यानं बोलत जाणं वेगळं. बोलणं आपल्या हातात असतं, शंका आली की क्षणात थांबून कानोसा घेता येतो. दुसऱ्याची गाडी आपण थांबवू शकत नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गावर जनावरांसाठी भुयारी वाटा केल्या, काही ठिकाणी आवाज आणि उजेड अडवायला भिंतीही उभारल्या. जनावराच्या कानाची एवढी काळजी, मग बाईच्या कानाची नको?

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. हा आवाज नेमका कुठं वाढतो? मुलींच्या कॉलेजसमोर, ट्यूशन सुटताना, बसस्टॉपवर. पोरगी दचकली की मागचे दोघं हसतात. ही गंमत नव्हे, हा धाक आहे. रोज दचकणारी पोरगी पुढं रस्ता बदलते, मग क्लास सोडते, आणि घरात कारण विचारलं तर सांगतही नाही.

पोलीस आपलं काम करतात. राज्यात अनेक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवले गेले. बातमी येते, फोटो छापून येतो आणि महिनाभरात पुन्हा तोच आवाज. कारण गाडीचा हप्ता, पेट्रोलचे पैसे आणि सायलेन्सरची हौस, तिन्ही घरातूनच निघतात. दंड झाला की ‘जाऊ दे, लहान आहे’ म्हणून बापाच्या नकळत भरणारी बरेचदा आईच असते.

म्हणून सुरुवात घरातूनच करू या. गाडी घेऊन द्यायची तर अट घालायची : कंपनीचा सायलेन्सर तसाच राहील. बदललेला दिसला तर चावी आपल्याजवळ, मूळ सायलेन्सर बसवल्यावरच परत. बचतगटाच्या बैठकीत, ग्रामसभेत हा विषय काढा. गावातल्या गॅरेजवाल्या भावाला दहाजणी मिळून सांगा, असं काम घेऊ नको. ऐकलं नाही तर ११२ नंबर आहेच.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या रेट्यानं आली आणि त्यात बाया पुढं होत्या. दारूच्या गुत्त्यापुढं उभ्या राहणाऱ्या बायांना एका नळीचं काय भय? आपल्या लेकाचं नाव त्याच्या कामानं गाजू दे, गाडीच्या आवाजानं नको.