गुपित रुग्णाचे, बंधन कोणाला?

महाराष्ट्रातून उपचारासाठी दिल्लीला येणारा रुग्ण पुष्कळदा आधी एखाद्या खासदाराच्या बंगल्यावर पोहोचतो आणि मग ‘एम्स’मध्ये. शिफारसपत्र हवे असते, त्यासाठी रिपोर्टांची झेरॉक्स स्वीय सहायकाच्या हाती द्यावी लागते. तीच पुढे रुग्णालयाच्या कचेरीत जाते, तिचे छायाचित्र गावाकडच्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवर जाते, आणि धर्मशाळेच्या नोंदवहीतही आजाराचे नाव पडते. ही सारी माणसे मदतच करीत असतात. पण उद्या यांपैकी कोणी त्या रुग्णाचा आजार चारचौघांत बोलून दाखविला, तर त्याला जाब विचारणारा कायदा कोणता?

वैद्यकीय माहिती मुळातच गोपनीय असते, त्यामुळे ती ज्याच्या हाती पडेल त्याच्यावर मौनाचे बंधन आपोआप येते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने बंधन घातले ते नोंदणीकृत डॉक्टरवर. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळविणे सक्तीचे असलेले रोग हे अपवाद सोडले, तर त्याने रुग्णाचे गुपित फोडता कामा नये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले. पण तीन आठवड्यांतच ते स्थगित झाले आणि कारभार पुन्हा २००२ वर आला. वॉर्डबॉय, बिलाच्या खिडकीवरचा कारकून, विम्याचे दावे तपासणारी मध्यस्थ कंपनी यांना ही आचारसंहिता लागूच होत नाही.

काही आजारांपुरते कायद्याचे हात अधिक लांब पोहोचतात. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द वापरतो. विश्वासाने सांगितलेली माहिती फोडणारा डॉक्टर नसला तरी तो त्याच्या कक्षेत येतो. मानसिक आरोग्य कायद्याने त्याच वर्षी उपचार करणाऱ्या सर्व व्यावसायिकांना बांधले आणि संमतीविना रुग्णाची माहिती प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये आलेल्या कलमाने मात्र पुन्हा फक्त डॉक्टरलाच धरले. म्हणजे एकाच इमारतीत, आजार कोणता आणि सांगणारा कोण, यावर गुन्हा ठरतो. मधुमेही, कर्करोगी, क्षयरोगी यांच्या वाट्याला असा स्वतंत्र कायदा आलेला नाही.

आमच्या वाचकांपैकी जे केंद्र सरकारच्या सेवेत आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या बिलासोबत डिस्चार्ज कार्ड जोडले की ते लिपिकापासून लेखा शाखेपर्यंत किती टेबलांवरून जाते! अखिल भारतीय सेवेतील चाळिशी ओलांडलेल्या अधिकाऱ्याच्या वार्षिक तपासणीचा गोषवारा तर त्याच्या कामगिरी अहवालालाच जोडला जातो. आचरण नियम आहेत, असे कोणी म्हणेल. आहेत, पण ते काळजी घेतात सरकारी कागदांची, सहकाऱ्याच्या अब्रूची नव्हे. आणि २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनानेच गृहविलगीकरणातील लोकांच्या हातावर शिक्के मारले, तेव्हा गुपित फोडणारा कारकून शोधण्याची गरजच उरली नव्हती. घरांवर फलक लावण्याला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चाप लावला, तोवर पहिली लाट ओसरत आली होती.

उरलेल्यांना बांधण्याचे काम विदासंरक्षणाच्या कायद्याकडे सोपविले गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी आरोग्याच्या नोंदींना ‘संवेदनशील’ म्हटले खरे. पण बंधन घातले ते कंपन्या व व्यावसायिक संस्थांवर. सरकारी रुग्णालये त्या व्याख्येत बसत नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘एम्स’चे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि बाह्यरुग्ण विभागाला सुमारे दोन आठवडे हाताने नोंदी कराव्या लागल्या, तेव्हा ही उणीव उघडी पडली. २०२३ चा नवा कायदा सरकारी यंत्रणांनाही लागू आहे. पण सार्वभौमत्व वा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली केंद्राला वाटेल त्या यंत्रणेस सूट देता येते. नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीचीही आवश्यकता नाही. माहिती डिजिटल नसेल तर कायदा लागूच नाही. धर्मशाळेची नोंदवही आणि स्वीय सहायकाची जीभ दोन्ही सुटली. ‘संवेदनशील’ ही वर्गवारीही गेली. दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याची अब्रू गेली त्याला छदामही नाही.

याच कायद्याने एक बंधन मात्र तातडीने अमलात आणले, आणि ते नागरिकावर. २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल महाराष्ट्रातील मंत्री सुरूपसिंग नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाने एक महिन्याची शिक्षा दिली होती. त्यातील बराच काळ त्यांनी कोठडीऐवजी जे. जे. रुग्णालयात काढला. आजार काय होता, हे माहिती अधिकारात विचारले गेले तेव्हा गोपनीयतेची ढाल पुढे आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की, कोठडीतील व्यक्ती सार्वजनिक रुग्णालयात दाखल असेल, तर तिच्या नोंदी सामान्यतः द्याव्यात. डॉक्टरांची आचारसंहिता माहिती अधिकाराच्या आड येऊ शकत नाही. जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे माहिती अधिकार कायद्यातील परंतुक त्या निकालाचा एक आधार होते. शिक्षा झाली की छातीत दुखू लागणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना हा निकाल पचणे कठीणच होते.

नोव्हेंबर २०२५ पासून ते परंतुक उरलेले नाही. खासगी माहिती हा आता सरळ नकाराचा आधार झाला आहे. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८(२)मध्ये शिल्लक असल्याचे सरकार सांगते, आणि ते खरेही आहे. पण ती मुभा अधिकाऱ्याची आहे. मंत्र्याच्या फायलीवर ती वापरण्याचे धाडस किती माहिती अधिकारी करतील, हे कोणत्याही मंत्रालयात जाऊन विचारावे.

रुग्णालये, विमा कंपन्या आणि मालक यांच्यावरची मुख्य बंधने मात्र मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. नागरिकाला एक दिवसही न देणाऱ्या सरकारने त्यांना अठरा महिने दिले. या मुदतीत आरोग्याच्या नोंदींसाठी निराळे प्रकरण कायद्यात घालता येईल. उपचार, दावा वा शिफारस यांच्या ओघात माहिती हाती आलेल्या प्रत्येकाला, कागदावरच्या माहितीसह, त्यात बांधता येईल. एचआयव्हीच्या कायद्यातली भाषा तयारच आहे. माहिती अधिकारातील परंतुक परत आणण्यासाठी तर मे २०२७ ची वाट पाहण्याचेही कारण नाही; एका कलमाचे विधेयक पुरेसे आहे.