भीती अजिनोमोटोची, धोका भाताचा

संध्याकाळ झाली की सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावातही भजी-समोशाच्या गाड्यांशेजारी ‘चायनीज’ची गाडी लागते. चीन न पाहिलेली माणसे तिथे फ्राइड राइस आणि मंच्युरिअन चवीने खातात. यातले मंच्युरिअन चीनमधून आलेलेच नाही. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत ते तयार केले, असे मानले जाते.

या गाडीवर गिऱ्हाईक हमखास बजावते, ‘अजिनोमोटो टाकू नका.’ ही भीती १९६८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून पसरली. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळापासून ते वेगळे केले. ग्लुटामेट टोमॅटोतही नैसर्गिकरीत्या असते. नेहमीच्या प्रमाणात ते बहुतेकांना अपाय करत नाही, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. जास्त प्रमाणात घेतल्यास काहींना थोडा वेळ त्रास होऊ शकतो, इतकेच.

खरा धोका शेजारच्या पातेल्यात असतो. फ्राइड राइससाठी भात दुपारीच शिजवून ठेवतात. तांदळात ‘बॅसिलस सेरेअस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे कढईतून धूर निघेपर्यंत भात परतला, तरी ते जात नाही. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. परभणीच्या चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात तर उघड्यावरचा भात जिवाणूंना फारच मानवतो.

दुसरा धोका रंगाचा. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरिअनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. तिसरा धोका तेलाचा. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात ‘पोलर’ संयुगे वाढतात आणि त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की तेल वापरू नये, असा देशाचा नियम आहे. हे मोजायचे यंत्र गाडीवाल्याकडे नसते. पण काळपट, घट्ट, फेसाळणारे तेल कोणालाही ओळखता येते.

म्हणून गाड्या उठवायच्या का? मुळीच नाही. एकेका गाडीवर एकेक घर चालते आणि दिवसभर राबलेल्या माणसाला तिथे परवडणारे गरम जेवण मिळते. गाडी हटवली की ती दुसऱ्या कोपऱ्यावर लागते, सवयी मात्र त्याच राहतात. त्यापेक्षा गाड्यांच्या जागी नळाचे स्वच्छ पाणी आणि कचराकुंडी देणे हे स्थानिक प्रशासनाचे काम आहे. अन्न व औषध प्रशासनाने नुसता दंड करण्याऐवजी विक्रेत्यांना वर्षातून एकदा तरी शिकवावे. भात थोडा थोडा शिजवावा, उरलेला परातीत पसरून लवकर थंड करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. ती सोय नसेल, तर तो दुसऱ्या दिवशी वापरू नये. एवढ्याने बराच धोका टळतो.

गिऱ्हाइकानेही प्रश्न बदलावा. ‘अजिनोमोटो आहे का?’ याऐवजी ‘भात कधी शिजवला?’ असे विचारावे. हाच प्रश्न रोज चार जणांनी विचारला, तर पातेले दुपारी चढायचे थांबेल.