चौकट हवी, नाव नको!

सत्यनारायण सांगणारे गुरुजी चार दिवस आधी यादी धाडतात. सुपाऱ्या इतक्या, विड्याची पाने इतकी, केळीचे खुंट चार. गुलमंडीवर एक फेरी मारली की काम भागते. समजा, हेच गुरुजी पाटावर बसून म्हणाले, “सुपारी नाही. पूजा बंद!” तुम्ही धावत जाऊन सुपारी आणलीत. “आता अबीर नाही. पूजा बंद!” अबीर आणलात, तर जानवे नाही. तिसऱ्या खेपेला तुम्ही गुरुजींची बोळवण कशी कराल, ते लिहायला नको.

पण लाटेक नावाच्या गुरुजींपुढे आमच्या छत्रपती संभाजीनगरातली शिकलीसवरलेली पोरे रात्र रात्र हेच करतात!

ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आला नाही, त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. हल्ली अहवाल कोडमधून निघतात. आकडे कोडला द्यायचे, मजकूर त्याने रचायचा आणि पाने लावून पीडीएफ काढायचे काम लाटेकचे. त्याच्या हाताखाली हजारो छोटी पॅकेजे : एक तक्त्यांचे, एक समासांचे, एक चौकटींचे. संगणकात एखादे नसले, की ‘फ्रेम्ड डॉट एसटीवाय सापडत नाही’ म्हणून कारखाना ठप्प. ते बसवा, की पुढचे नसते. शिवाय फायलीचे नाव एक आणि पॅकेजचे भलतेच. टिक्झ हवे, तर ते पीजीएफच्या पोटात! त्यातून तुमचे टेकलाइव्ह मागल्या सालचे असेल, तर यंदाचे कोठार तुम्हाला दारात उभे करीत नाही.

यावर औषध आहे, नाही असे नाही. टायनीटेक किंवा मिकटेक घेतले, तर राहिलेले सामान ते बहुधा आपणहून आणते. नाहीतर टीएलएमजीआरला फायलीचे नाव सांगून पॅकेज शोधायला लावावे. आणि कोड लिहिणाऱ्याने लागणाऱ्या पॅकेजांची यादी कोडसोबतच द्यावी. गुरुजींना जमते, ते इंजिनिअरला न जमायला काय झाले?

पण माझे खरे भांडण पुढेच आहे. एका चौकटीसाठी एवढा आकांत करणारा हा गृहस्थ माणसाच्या नावाचे काय करतो, ते बघा. पैठणच्या शेतकऱ्याचा माती परीक्षणाचा अहवाल काढायचा आहे, असे धरा. झीटेक वापरले आणि फॉन्ट सांगायचा राहिला, तर ते आपला नेहमीचा लॅटिन मॉडर्न घेते. त्यात देवनागरी अक्षरच नाही. मग कारखाना थांबतो का? छे! पीडीएफ झोकात बाहेर पडते. नत्र आहे, स्फुरद आहे, चौकट तर अगदी रेखीव. फक्त नावाच्या जागी पांढरे पान! ‘अक्षर सापडले नाही’ एवढी कुजबुज शेकडो ओळींच्या गर्दीत कुठेतरी होते. २०२३ साली बदललेले आमच्या शहराचे नाव अहवालावर मराठीत घाला, तेही त्याच वाटेने जाईल.

खिळ्यांच्या छपाईत जुळाऱ्याजवळ अक्षर कमी पडले, तर तो त्या जागी दुसरा खिळा उलटा बसवी. प्रुफावर काळा डाग उमटे. उणीव अशी डोळ्यांत खुपे. आमच्या यंत्राने मात्र ती पांढरी करून झाकली! आणि गंमत अशी, की हे सारे टेक जन्माला आले तेच अक्षरांच्या काळजीतून. १९७७ साली आपल्या ग्रंथाची प्रुफे बघून डोनाल्ड क्नुथ वैतागले आणि स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला बसले. त्यांना अक्षर वाईट दिसलेले खपले नाही. आपल्याला ते मुळात नसलेले चालते!

कोणी म्हणेल, “अहो, एवढे काय? फॉन्ट बदला.” बदलाच! नोटो सेरिफ देवनागरी फुकट मिळतो. लिपी देवनागरी आहे, हेही बजावून सांगा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात. पण फॉन्ट विसरला तर बोंब कोणी मारायची? २०२१ पासून त्याचीही सोय आहे : ‘ट्रेसिंगलॉस्टचार्स’ची किंमत तीन ठेवली, की हरवलेल्या अक्षराला चूक मानले जाते. आपण होऊन मात्र ती तीन नसते. सरकारी असो की खाजगी, लोकांची नावे छापणाऱ्या प्रत्येक कोडमध्ये ही एक ओळ सक्तीची करा. चौकटीवाचून अहवाल वाचता येतो. कोणाचा आहे तेच कळले नाही, तर तो द्यायचा कोणाला?